चवीपुरतं

“एका माणसाला एकच, आंटी. आणि स्माइल. तुम्ही हसला नाहीत ना, तर लोक ट्रॉली स्लोसुद्धा करत नाहीत,” रोनित म्हणाला आणि त्याने इसाबेलच्या डोक्यावरची हिरवी टोपी स्वतःच्या हाताने सरळ केली. टोपीवर कापडाचं एक पान शिवलेलं होतं. ते सारखं तिच्या कपाळावर लोंबायचं.

इसाबेल हसली. तिच्यापुढच्या ट्रेमध्ये छोट्या कागदी वाट्या मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत दोन चमचे सॅलड. उकडलेले काबुली चणे, किन्वा, पालकाची कोवळी पानं, चीजचा एखादा तुकडा आणि वर लिंबू पिळलेलं. मागच्या फ्रिजमध्ये हेच सॅलड मोठ्या बोलमध्ये सील करून ठेवलं होतं. एक बोल सव्वीस दिरहमला. “म्हणजे सहाशे रुपये!” असं इसाबेल कामाच्या पहिल्याच दिवशी बोलून गेली होती, तेव्हा रोनित खो खो हसला होता. “आंटी, कन्व्हर्ट केलं की माणूस खलास. डोन्ट कन्व्हर्ट.”

रोनित शारजात जन्मला, वाढला. आईवडील ठाण्याचे, पण ठाणं त्याला सुट्टीपुरतं माहीत. सॅलडच्या कंपनीत तो सुपरमार्केटमध्ये फुकट चव देणाऱ्या प्रमोटर बायकांवर देखरेख करायचा. मनाने वाईट नव्हता. इसाबेलला ‘आंटी’ म्हणायचा, उभं राहून पाय दुखले का विचारायचा, आणि संध्याकाळी उरलेल्या वाट्या काळ्या पिशवीत ओतून त्यावर भांड्यांचा साबण टाकला की नाही, त्याचा फोटो न चुकता मागून घ्यायचा. कंपनीचा तसा नियम होता. पूर्वी कुणा मुलीने उरलेलं घरी नेलं, घरच्यांची पोटं बिघडली आणि तक्रार झाली, म्हणे. तेव्हापासून साबण.

इसाबेलची ड्यूटी एरवी दुबईत, अल कुसैसच्या दुकानात असायची. आज ती बसस्टॉपवर उभी असतानाच मेसेज आला. अजमानच्या दुकानातल्या मुलीला ताप आलाय, तुम्ही अजमानला जा. तिला बरंच वाटलं. घर अजमानातच, म्हणजे बसचे पैसे वाचले, आणि संध्याकाळी चालत घरी. झेवियरला फोन करून सांगावं असं काही तिच्या मनात आलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

झेवियर तिचा नवरा. वसईजवळच्या नंदाखालचा. उभी हयात त्याने हॉटेलांच्या कोल्ड किचनमध्ये काढली. सॅलड, फळं, थंड मांसाचे काप हे त्याचं खातं. ब्रंचच्या दिवशी बर्फावर मांडलेल्या त्या भल्यामोठ्या टेबलाचे फोटो तो पूर्वी इसाबेलला पाठवायचा. मध्ये टरबुजातून कोरलेला हंस, भोवती किवी, डाळिंबाचे दाणे, शतावरीच्या जुड्या. मागल्या वर्षी हॉटेल ‘रिनोव्हेशन’साठी बंद झालं ते उघडलंच नाही. शेवटच्या महिन्यांचा पगार आणि इतक्या वर्षांची ग्रॅच्युइटी अडकली. त्याने केस केली. परत गेलो तर पैसे बुडाले, म्हणून दोघं थांबली. टेसा, त्यांची मुलगी, वसईला नर्सिंगला होती. तिची फी थांबवून चालणार नव्हतं. खोलीचं भाडं थांबवून चालणार नव्हतं. थांबवता येण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती ताटात असते.

त्यात झेवियरला साखर. बूट चावल्याचं निमित्त झालं आणि उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली. ती काही भरेना. स्वस्तातल्या एका पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टरने पाय उचलून बघितला, वास घेतल्यासारखं नाक मुरडलं आणि बजावलं, “देखो, राइस बंद. खुबूस बंद. मैदा टोटली बंद. हरी सब्जी, फिश, एग, थोडा नट्स. फ्रूट में ग्वावा. दवाई से ज्यादा डाएट. समझा?”

“समझा, डॉक्टर.”

“क्या काम करते थे?”

“शेफ. सॅलड बनाता था.”

“व्हेरी गुड!” डॉक्टर खूशच झाला. “फिर तो तुमको सब मालूम है!”

बाहेर आल्यावर जिन्यात झेवियर इतका हसला, इतका हसला, की इसाबेलला त्याच्या पाठीवर हात फिरवावा लागला. घरी जाताना त्यांनी दुकानात ब्रोकोली बघितली. झेवियरने एक गड्डा हातात घेऊन उलटासुलटा केला, देठ किती ताजा आहे ते नखाने पाहिलं आणि परत ठेवला. मग त्यांनी खुबूसचं, म्हणजे तिथल्या स्वस्त मैद्याच्या रोट्यांचं, पाकीट घेतलं, बटाटे घेतले, मसुराची डाळ घेतली. पोट भरायचं ते यातच भरत होतं, आणि यातलं बहुतेक झेवियरला मना होतं.

त्या दिवसापासून घरात खोटं बोलणं सुरू झालं. घर म्हणजे एका फ्लॅटमधली प्लायवूडची पार्टिशन टाकून केलेली खोली. स्वयंपाकघर चार बिऱ्हाडांत मिळून, ज्याच्या त्याच्या ठरल्या वेळेला. इसाबेल एक अंडं उकडायची आणि झेवियरच्या पुढ्यात ठेवायची.

“तू खा,” तो म्हणायचा.

“मी काउंटरवर खाल्लंय. तिथे खायला देतात आम्हाला.” तिथे चाखायचीही परवानगी नव्हती.

“मीपण खाल्लंय. चर्चमध्ये कुणाच्या तरी ॲनिव्हर्सरीचं होतं.” असं म्हणून तो कधी कधी खिशातून टिश्यूत गुंडाळलेले चीजचे दोन चौकोनी तुकडे काढायचा, नाहीतर एखादा खजूर. “तुला म्हणून आणलंय.”

चर्चमध्ये ॲनिव्हर्सऱ्या फारच होतात, असं इसाबेलला एकदा वाटून गेलं होतं. पण चीज जिभेवर ठेवल्यावर तिने तो विचार पुढे नेला नाही.

आणि गंमत म्हणजे झेवियरला उतार पडत होता. चर्चच्या हॉलमध्ये तपासणीचा कॅम्प झाला, त्यात त्याची साखर बरीच खाली आलेली निघाली. “गुड, अंकल. डाएट चालू ठेवा,” तिथली नर्स म्हणाली. जखमेच्या कडा सुकायला लागल्या. इसाबेल रात्री मेथीदाणे भिजत घालून सकाळी त्याला ते पाणी द्यायची, त्याचाच गुण असं तिने धरलं. शिवाय तिने वेलंकणी मातेला नवस बोललेला होता. झेवियर रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा निळा शर्ट घालून बाहेर पडायचा. कधी लेबर ऑफिस, कधी कुणी नोकरीसाठी बोलावलंय, कधी वकिलाचा माणूस. माणूस हिंडता-फिरता राहिला, हातपाय गाळून बसला नाही, याचंच तिला समाधान होतं. आज सकाळीही तो लेबर ऑफिसला जायचं म्हणत होता. शर्टाच्या कॉलरला तिनेच इस्त्री करून दिली होती.

सकाळची पहिली गर्दी ओसरली तशी शेजारच्या चीजच्या काउंटरवरची हमीदा तिच्याकडे सरकली. हमीदा हैदराबादची, या दुकानात मुरलेली.

“आज पहली बार आए ना इधर? फिर तो आपने बुफे अंकल को नहीं देखा.”

“कौन बुफे अंकल?”

“अरे, है एक!” हमीदाने तोंडावर हात घेतला. “एकदम टिपटॉप. कपडे प्रेस किए हुए, बाल ऐसे चिपके हुए. ट्रॉली लेके आता, उसमें एक नमक का पाकीट डालता. बस, एक नमक! फिर मेरे पास चीज. उधर सॉसेज. फिर सलाद. फिर जूस. फिर खजूर. सब खाके, घूमके, नमक वापस रखके चला जाता. और बोलता कैसे मालूम? ‘मॅडम, ये कौनसे देस का चीज है?’ जैसे दस किलो लेनेवाला है!”

हमीदाने मान तिरकी करून, डोळे बारीक करून नक्कल केली. ती इतकी झकास जमली की इसाबेलला हसू आवरेना. सकाळपासून ती पगारासाठी हसत होती, हे हसू आपणहून आलं.

“और जाते जाते बोलता होगा, नमक कम है,” इसाबेल म्हणाली.

हमीदा टाळी द्यायला पुढे आली. दोघी पोट धरून हसल्या. पलीकडून जाणारा रोनितही थांबला. “हो, तो बुफे अंकल! मॅनेजरने मला दोनदा ईमेल केलाय त्याच्यावरून. आमचेच सॅम्पल जास्त खातो. आज आला ना, तर फायनल करून टाकू.”

मग थोडा वेळ गेला. एका अरब बाईने दोन बोल घेतले. एका शाळकरी मुलीने चव घेऊन “यक” म्हटलं आणि वाटी इसाबेलच्या ट्रेमध्येच परत ठेवली. इसाबेल ती बाजूला करत होती, तेवढ्यात मसाल्यांच्या रांगेमधून एक ट्रॉली वळून आली.

आधी तिला ट्रॉलीत पडलेलं मिठाचं पाकीट दिसलं. मग ट्रॉलीच्या दांडीवरचे हात. मग निळा शर्ट.

झेवियरचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ते ट्रेकडे होतं. थोडं लंगडत, पण ते कळू नये म्हणून ट्रॉलीवर भार देत तो अगदी सावकाश, एखाद्या सवड असलेल्या गिऱ्हाइकासारखा आला. त्याने एक वाटी उचलली आणि नाकाजवळ नेली.

“गुड मॉर्निंग, मॅडम. इसमें ड्रेसिंग कौनसा है?” म्हणत त्याने वर पाहिलं.

टोपीवरच्या पानाखालून इसाबेल त्याच्याकडे बघत होती.

झेवियरच्या हातातली वाटी छातीपाशी तशीच थांबली. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं असतं तर कदाचित पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण हॉटेलच्या माणसाला चेहरा सांभाळायची सवय असते.

“हाच तो,” रोनित तिच्या खांद्यामागून पुटपुटला. तो कधी येऊन उभा राहिला ते तिला कळलंही नव्हतं. “आंटी, तुम्हीच सांगा. लेडीने सांगितलं की सीन होत नाही. पोलाइटली. मी व्हिडिओ घेतोय, बाकीच्या प्रमोटर्सना ट्रेनिंगसाठी.”

इसाबेलला एवढंच म्हणायचं होतं, ‘हे माझे मिस्टर.’ मराठीत म्हटलं असतं तरी रोनितला कळलं असतं. पण मघाचं हसू अजून तिच्या गळ्यापाशी होतं. शेजारी हमीदा होती, डोळे विस्फारून बघत, पुढची गंमत बघायला तयार. आणि इसाबेलला झेवियरचा राग आला. दया नाही, आधी रागच आला. लेबर ऑफिसला जातो म्हणाला. कॉलरला इस्त्री करून घेतली. आणि हे.

“सॉरी, सर,” ती म्हणाली. “ये कस्टमर के लिए है.”

लग्न झाल्यापासून ती त्याच्याशी हिंदीत कधी बोलली नव्हती.

झेवियरने एकदा रोनितच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, एकदा तिच्या छातीवरच्या नावाच्या बिल्ल्याकडे. काय झालंय ते त्याला सगळं कळलं. “ओके, मॅडम,” तो म्हणाला. पण वाटी त्याच्या हातात तशीच राहिली.

“आंटी, वाटी,” रोनित कुजबुजला.

इसाबेलने हात पुढे केला आणि वाटी धरली. झेवियरने ती लगेच सोडली नाही. त्याला सोडायची नव्हती असं नसेल, पण बोटांना सोडायची नव्हती. कागदी वाटी दोघांच्या मध्ये चेपली, चार चणे खाली फरशीवर पडले आणि घरंगळत ट्रॉलीच्या चाकाखाली गेले. मग त्याची बोटं सुटली.

“सॉरी, मॅडम,” तो म्हणाला.

तोवर सिक्युरिटीचा झुबेर आला होता. “चाचा, यल्ला. बहुत हो गया. रोज का हो गया है तुम्हारा.” त्याने झेवियरच्या दंडाला धरलं. “जेब दिखाओ.”

“कुछ नहीं है, भाई.”

“दिखाओ ना.”

झेवियरने शर्टाच्या खिशात हात घातला आणि टिश्यूची पुरचुंडी काढून झुबेरच्या तळव्यावर ठेवली. झुबेरने ती उलगडली. पिवळ्या चीजचे दोन चौकोनी तुकडे आणि एक खजूर.

इसाबेलने ते पाहिलं. चर्चमधल्या सगळ्या ॲनिव्हर्सऱ्या तिला एकदम कळल्या.

“ये क्या, पार्सल भी?” झुबेर म्हणाला आणि पुरचुंडी त्याने इसाबेलच्या काउंटरखालच्या काळ्या पिशवीत टाकली. ती अगदी तिच्या पायाशी पडली. “घर में कौन है तुम्हारा? फोन लगाऊँ किसी को? बीवी है इधर?”

“नहीं,” झेवियर म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. “अकेला हूँ. इधर मेरा कोई नहीं.”

कॅशच्या पलीकडे, पांढऱ्या भिंतीसमोर उभं करून झुबेरने त्याचा फोटो काढला. समोरून एक, बाजूने एक. परत दिसलास तर पोलीस, असं त्याला सांगितलं असावं, कारण झेवियरने तीन-चारदा मान हलवली. मग काचेचं दार आपोआप उघडलं आणि तो उन्हात गेला. बाहेर टेकायला ट्रॉली नव्हती. त्याचं लंगडणं आत्ता पूर्ण दिसलं.

“बेचारा,” हमीदा म्हणाली. “लेकिन रोज रोज कौन खिलाएगा?”

“हाँ,” इसाबेल म्हणाली.

रोनितने तिला व्हिडिओ दाखवला. प्रमोटरांच्या ग्रुपवर त्याने तो टाकलाही होता, आणि खाली हसून रडणारे पिवळे चेहरे यायला लागले होते. कुणीतरी लिहिलं होतं, ‘आंटी रॉक्स’. त्या छोट्या चौकोनात हिरव्या टोपीची एक बाई एका माणसाच्या हातातून वाटी ओढून घेत होती. बाई सराईत दिसत होती.

त्यानंतरही संध्याकाळपर्यंत तिने काम केलं. “शुगर फ्री, सर. हाय प्रोटीन, मॅडम. एकदा टेस्ट करा.” पिशवीत साबण ओतला, चीजच्या तुकड्यांवर, खजुरावर, सगळ्यावर, आणि फोटो काढून पाठवला. निघताना रोनितने फ्रिजमधून एक सीलबंद बोल काढून तिच्या हातात दिला.

“आंटी, हे तुम्हाला. आजची एक्सपायरी आहे, पण चालतं. यू डिझर्व्ह इट. आज तुम्ही मस्त हँडल केलंत.”

“थँक्यू, बाळा,” इसाबेल म्हणाली.

बोल पिशवीत घालून ती घराकडे निघाली. झेवियरला द्यायचा, असंच तिच्या मनात होतं. पालक आहे, चणे आहेत, चीज आहे, डॉक्टरने सांगितलं ते सगळं त्यात आहे. पण दुकानाच्या मागच्या रस्त्यावर येईतो तिच्या लक्षात आलं, की हा बोल त्याच्यापुढे ठेवायचा म्हणजे काहीतरी बोलावं लागेल. कुठून आणला ते सांगावं लागेल. का दिला ते सांगावं लागेल. आणि सांगितलं नाही तरी त्याला कळेल. मग तो बोल मधोमध ठेवून दोघं काय करणार?

फेकून द्यावा म्हणून ती कचऱ्याच्या मोठ्या डब्यापाशी थांबली. झाकण उचललं. आणि तिथेच, रिकाम्या खोक्यांच्या ढिगाला टेकून, तिने बोलचं सील फाडलं. खायचा प्लास्टिकचा काटा आत होता, पण तो काढायलाही तिला धीर निघाला नाही. ती हातानेच खायला लागली. पहिला घास तिने चावलाही नाही. महिन्या-दोन महिन्यांत तिने हिरवं पान खाल्लं नव्हतं. लिंबू तिच्या कोरड्या ओठांना झोंबलं. अर्धा ठेवू, असं तिने अर्ध्यावर आल्यावर ठरवलं. मग पाव. मग तळाशी राहिलेलं तेल तिने बोटाने पुसून घेतलं आणि बोल डब्यात टाकला.

खोलीत झेवियर उलट्या बादलीवर पाय ठेवून बसला होता. शर्ट काढून त्याने दाराच्या मागे टांगला होता. पायाची पट्टी ओली दिसत होती. बटाट्याची पातळ भाजी झाकून ठेवलेली होती आणि त्याच्या बाजूला खुबूस.

“आलीस?” तो म्हणाला. “बस वेळेवर मिळाली?”

बस कसली, हे दोघांनाही माहीत होतं.

“मिळाली,” इसाबेल म्हणाली. “लेबर ऑफिसला काय झालं?”

“पुढची तारीख दिली.”

“बरं.”

पार्टिशनच्या पलीकडे मैमुनाबी, शेजारच्या बिऱ्हाडातली म्हातारी, फोनवर मोठमोठ्याने कुणाला तरी दुवा देत होती. इसाबेल चपला काढून पलंगाच्या कडेला बसली. झेवियरने एक खुबूस उलगडला, त्यावर भाजी घातली आणि ताटली तिच्याकडे सरकवली.

“खा.”

“भूक नाही रे. तिथे दिलं त्यांनी.”

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. या खेपेस ती खरं बोलत होती, आणि ते त्याला एका नजरेत समजलं. नुसता वासही पुरला असेल. इतकी वर्षं त्याचे हात लिंबात आणि ऑलिव्ह ऑइलमध्ये गेले होते. तिला वाटलं, आता तो बोलेल. शिवी घालेल, ताटली भिरकावेल. तसं झालं असतं तर तिला हवंच होतं.

“दातात पान अडकलंय तुझ्या,” झेवियर म्हणाला. “पुढच्या. उजवीकडे.”

इसाबेल उठली. सामाईक बाथरूमचं दार लावून तिने आरशात बघितलं. पालकाचा हिरवागार तुकडा होता. नखाने तो काढला, चूळ भरली, परत भरली. नळ तिने बराच वेळ नुसताच सोडून ठेवला. कुणीतरी दार ठोठावलं तेव्हा बाहेर आली.

झेवियरने तोवर आपलं जेवण उरकलं होतं. तिची ताटली झाकून ठेवली होती.

“उद्या कुठे आहे ड्यूटी?” त्याने विचारलं. आजवर त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

“कुसैस.”

“नक्की?”

“हो.”

“ऐनवेळी बदललीच, तर मेसेज कर मला.”

“करते,” इसाबेल म्हणाली.

त्याहून जास्त त्या विषयावर दोघं कधी बोलली नाहीत. पुढच्या आठवड्यांत तो पुन्हा सकाळी बाहेर पडायला लागला. अजमानात बाकीची दुकानं होतीच. ती लांब लांब होती आणि चालायचं ते त्याच पायावर होतं. सुकत आलेली जखम परत चिघळली. टिश्यूची पुरचुंडी मात्र त्याने परत कधी आणली नाही. इसाबेल अंडं उकडायची, तो निम्मं कापून तिच्या ताटलीत ठेवायचा, आणि दोघं आपापलं निम्मं खायची. मी खाल्लंय, असं कुणीच म्हणत नव्हतं.

एका सकाळी ती बुटाची नाडी बांधत असताना फोन वाजला. झेवियर आरशासमोर उभा होता. दाढी झालेली, केस ओले करून बसवलेले. शर्टाची बटणं लावता लावता तो शेवटच्या, गळ्याजवळच्या बटणापर्यंत आला होता. इसाबेलने मेसेज वाचला.

“अजमान,” ती म्हणाली. “दिवसभर इथलीच दुकानं आहेत आज. एकातून दुसऱ्यात पाठवणार आहेत.”

त्याची बोटं बटणावर थांबली.

“संध्याकाळपर्यंत?”

“हो.”

“मग आज पडून राहतो,” झेवियर म्हणाला. “पायालाही बरं.”

त्याने एकेक करून बटणं सोडली. शर्ट अंगावेगळा करून झटकला, हँगरवर चढवला, आणि खांदे उतरू नयेत म्हणून गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं पुन्हा लावून टाकली. मग गंजीफ्रॉकवर पलंगाच्या कडेला बसला, आणि इसाबेल दाराबाहेर पडेपर्यंत तसाच बसून राहिला.